अंगणात उतरलेली बालवाडी : ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

भंडारा जिल्ह्यात रोवणीचे दिवस आले की गावे दिवसभर ओस पडतात. पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि चिखलाने भरलेल्या बांधीत संध्याकाळपर्यंत कमरेत वाकून रोवणी करायची. पवनी असो, लाखांदूर असो वा साकोली, धान पिकविणाऱ्या प्रत्येक घरातील स्त्रीचा हा क्रम ठरलेला आहे. अशा दिवसांत घरातील लहानगे मूल कोठे असते? एक तर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, नाही तर गावातील अंगणवाडीत. अंगणवाडी हा शब्द आज आपल्या जिभेवर इतका रुळला आहे की तो सरकारी खात्याने तयार केलेला शब्द आहे, असाच बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. शासनाने ही योजना हाती घेण्यापूर्वी कित्येक वर्षे, राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यातील वारली पाड्यांमध्ये एका वयस्क स्त्रीने मुलांच्या अंगणात शाळा नेऊन बसविली होती. त्या म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

बालकांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याविषयी अलीकडे आपल्या धर्मग्रामांतूनही बोलले जाऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मानसिक आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रुग्णालय, डॉक्टर आणि गोळ्या एवढेच चित्र उभे राहते. मुलाचे मन बिघडू नये म्हणून घरात, अंगणात, पाड्यावर काय करता येईल, हा विचार मागे पडतो. ताराबाई डॉक्टर नव्हत्या आणि मानसोपचाराची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरीही आज ज्याला समाजाधारित मानसिक आरोग्यसेवा असे भारदस्त नाव दिले जाते, तिचा पाया मराठी मुलखात ज्यांनी घातला त्यांमध्ये त्यांची गणना करावी लागेल, असे आम्हांस वाटते. त्यांचे चरित्र येथे सादर करण्याचे कारण हेच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. त्या काळी विधवाविवाह करणाऱ्या कुटुंबाला समाजाचा कसा रोष सोसावा लागे, हे जुन्या पिढीतील वाचकांना सांगावयास नको. नातलगांनी दार लावून घेतले की त्याचा आवाज मुलांच्या कानांवर सर्वांत आधी पडतो. अशा घरात वाढलेल्या या मुलीने १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. स्त्रियांनी पदवीधर होणे ही त्या काळात अपूर्वाईची बाब होती.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मुंबईची ही सुशिक्षित तरुणी विदर्भाची सून झाली. संसार मात्र सुखाचा झाला नाही. १९२१ साली तो मोडला आणि ताराबाई आपल्या लहान कन्येसह एकट्या पडल्या. विवाहाच्या अभेद्यतेविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपणां सर्वांस ठाऊक आहे. तथापि शंभर वर्षांपूर्वी पदरी मूल असलेल्या एकाकी स्त्रीच्या वाट्याला काय येत असेल, याचा विचार केला म्हणजे न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याची इच्छा आपोआप ओसरते. मोडलेल्या घरातील मुलाच्या मनावर कोणते ओरखडे उठतात, हे पुढे बालकांच्या मनाविषयी लिहिणाऱ्या या बाईंनी ग्रंथांत वाचण्याआधी स्वतःच्या घरी पाहिले होते.

उपजीविकेसाठी त्यांनी राजकोटची वाट धरली. तेथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. त्या पदावर नेमणूक झालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. मान होता, पगार होता, घर होते. एखाद्याने तेथेच निवृत्तीपर्यंत दिवस काढले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु याच सुमारास भावनगर येथील एका विलक्षण माणसाची कीर्ती त्यांच्या कानी आली.

हा माणूस म्हणजे गिजुभाई बधेका. मूळचे वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या विवंचनेत असताना डॉ. मारिया माँटेसरी यांचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले. वकिली सुटली ती कायमची. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलांच्या घोळक्यात रमणाऱ्या या मिशीवाल्या गृहस्थांना गुजरातेत लोक प्रेमाने मिशाळ आई म्हणत. ताराबाई १९२३ साली प्राचार्यपद सोडून त्यांच्या कामात सहभागी झाल्या व जवळजवळ नऊ वर्षे भावनगरला राहिल्या. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

येथे माँटेसरींविषयी थोडे विषयांतर करणे आवश्यक वाटते, कारण मुळात ही कथा मनोरुग्णालयातून सुरू होते. मारिया माँटेसरी या इटलीतील कॅथलिक विदुषी. १८९६ साली त्या रोम येथे डॉक्टर झाल्या व तेथील मनोविकार चिकित्सालयात काम करू लागल्या. त्या काळी मंदबुद्धी म्हणून शिक्का बसलेल्या मुलांना वेड्यांच्या इस्पितळात प्रौढ रुग्णांबरोबर कोंडून ठेवले जाई. उघड्या-बोडक्या खोलीत हाताळण्यास एकही वस्तू नसलेली ही मुले पाहून माँटेसरींच्या ध्यानात आले की यांना औषधापेक्षा हातांना काम आणि मनाला खाद्य हवे आहे. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे लेखन अभ्यासून त्यांनी अशा मुलांना शिकविले आणि ती मुले शिकली. मग निरोगी मुलांचे शिक्षण इतके निर्जीव का, हा प्रश्न त्यांना पडला. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले, ते कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. म्हणजे जी पद्धत पुढे श्रीमंतांच्या शाळांची ओळख होऊन बसली, तिचा जन्म मनोरुग्ण बालकांच्या सेवेतून आणि मजुरांच्या चाळींतून झालेला आहे. दुर्दैवाने आज महानगरांत माँटेसरीच्या पाटीखाली भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळा पाहिल्या की हा इतिहास कोणाला खराही वाटणार नाही.

भावनगरहून ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. मुलांची शाळा आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण असे दुहेरी काम तेथे चाले. याबरोबरच त्यांचे एक काम विशेष मोलाचे होते, ते म्हणजे आईबापांचे शिक्षण. मराठी शिक्षण पत्रिका त्यांनी संपादित केली. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त अशी पुस्तके लिहिली. या पुस्तकांच्या नावांवरूनही कळते की त्यांनी हात घातला तो घरोघरच्या रोजच्या दुखण्याला. मूल हट्ट करते तेव्हा आई धपाटा घालते, आजी बागुलबुवाची भीती दाखविते आणि वडील दुसऱ्याच्या गुणी मुलाचे नाव घेतात. तीनही उपायांनी मूल गप्प बसते, पण हट्टामागची गरज तशीच आत राहते. भीती, मार, तुलना आणि लाच या चार गोष्टी मुलाच्या मनाला कीड लावतात, हा गिजुभाई व ताराबाई यांच्या विचाराचा गाभा होता. छडी लागे छमछम हे ब्रीद मानणाऱ्या त्या काळच्या मराठी समाजाला हे ऐकविणे सोपे नव्हते. आजही आपल्यापैकी किती घरांत ते ऐकून घेतले जाते, हा प्रश्न आहेच.

योगायोग पहा. १९३६ सालीच मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले, आणि १९३७ साली या विद्यालयाने भारतातील पहिले बाल मार्गदर्शन केंद्र उघडले. वर्तनात वा मनात बिघाड झालेल्या मुलाला आईबापांसह बोलावून घ्यावे आणि डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांनी मिळून त्याच्याकडे पाहावे, ही कल्पना आपल्या देशाला नवीन होती. एकाच शहरात, वर्षभराच्या अंतराने, दोन दारे उघडली. एक दार अडचणीत सापडलेल्या मुलासाठी आणि दुसरे कोणत्याही मुलासाठी. आजच्या भाषेत सांगावयाचे तर एक उपचाराचे आणि दुसरे प्रतिबंधाचे. दोन्ही दारे आवश्यक असतात. पण पहिल्यापर्यंत पोहोचण्यास शहर, सवड आणि पैसा लागतो.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले बहुतांशी मध्यमवर्गीय होती. हीच बाब ताराबाईंना सलू लागली. १९३१ साली लंडन येथे महात्मा गांधी आणि माँटेसरी यांची भेट झाली होती. भारतातील खेड्यांमधील कोट्यवधी मुलांना ही खर्चिक साधने कोठून पुरवावयाची, हा गांधीजींपुढील प्रश्न होता. ताराबाईंनी तो आपला प्रश्न मानला. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, स्थिरस्थावर झालेली दादरची संस्था मागे ठेवून त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. अनुताई या बालविधवा. तेराव्या वर्षी कपाळ पांढरे झालेल्या या मुलीने शिक्षण घेतले, नोकरी केली, आणि आता ती दुसऱ्या एका एकाकी स्त्रीच्या पाठोपाठ खेड्यात चालली होती. गुरू-शिष्येची ही जोडी पुढील अठ्ठावीस वर्षे अतूट राहिली.

१९४५ साल हे त्या भागाच्या दृष्टीने साधे नव्हते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध याच वर्षी उठले होते. जमीनदाराकडून लग्नासाठी थोडे पैसे घ्यावेत आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, अशी लग्नगड्याची प्रथा तेथे होती. जो बाप दिवसा मालकाचा मार खातो, त्याचे मूल पांढरपेशा माणूस दिसताच झाडीत पळून जाणार, यात नवल ते काय! शाळा नको म्हणून ते पळत नव्हते. पांढरे कपडे घालून येणाऱ्याकडून आजवर केवळ दुःखच आले होते, म्हणून ते पळत होते. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या भीतीवर कोणते औषध द्यावे, हे ज्या विद्येला सांगता आले असते ती विद्या त्या काळी डहाणूच्या जंगलापासून फार दूर होती.

१९५७ साली केंद्राचे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. ताराबाईंनी तेव्हा पासष्टी गाठली होती. कोसबाडला बालवाडी उघडली, पण मुले येईनात. कारणे शोधली गेली. मोठा मुलगा गुरे राखतो. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, सरपण आणते. घरात खाण्याची भ्रांत. शाळेतील भाषा मुलांच्या घरची नव्हे. सामान्यतः अशा वेळी शिक्षक हजेरीपटावर गैरहजर असे लिहितात व आईबाप अडाणी आहेत असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. ताराबाई आणि अनुताई यांनी उलट केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले.

त्यातूनच पाड्यावरील एखाद्या घराच्या अंगणात भरणारी अंगणवाडी जन्मास आली. शिक्षिका सकाळी पाड्यावर जाई, मुलांना गोळा करी, त्यांचे हातपाय धुवी, नखे कापी, केस विंचरी आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. हे सर्व आईच्या, आजीच्या डोळ्यांदेखत चाले. आम्हांस यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ज्या आईने आजवर मुलाला ओरडून बोलावयाचे एवढेच पाहिले होते, तिने आपल्याच अंगणात एक परकी बाई आपल्या मुलाशी हळू आवाजात, मान देऊन बोलते आहे असे पाहिले. पालकांसाठी यापेक्षा प्रभावी शिबिर कोणते असणार?

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत तेथेच शिक्षक जाई आणि दगड, पाने, काड्या यांच्या साहाय्याने मोजणे व लिहिणे शिकवी. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर काढले, म्हणजे कडेवरचे ओझे उतरले आणि आठ वर्षांच्या मुलीला स्वतःचे बालपण परत मिळाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणून या सर्वांना विकासवाडी असे नाव देण्यात आले. माँटेसरींची महागडी लाकडी साधने बाजूस ठेवून शंख, शिंपले, बिया, बांबू व माती यांपासून साधने तयार झाली. विद्वान मंडळींपैकी कोणाला ही पद्धतीशी तडजोड वाटली असेल. परंतु सान लोरेंझोच्या मूळ प्रेरणेशी कोसबाडची शिंपल्यांची माळ अधिक प्रामाणिक होती, असे आमचे मत आहे.

भाषेच्या बाबतीतही त्यांची दृष्टी स्वच्छ होती. वारली मुलाची बोली हसण्याजोगी आहे असे शिक्षकानेच दाखविले तर ते मूल आपल्या आईबापांची लाज बाळगू लागते. म्हणून शिक्षकांनी आधी मुलांची बोली शिकावी आणि तिच्यातून हळूहळू प्रमाण मराठीकडे यावे, ही रीत तेथे पडली. भंडाऱ्याच्या झाडीपट्टीतील वाचकांना हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. झाडीबोली वा गोंडी बोलणारे मूल वर्गात तोंड उघडेनासे होते तेव्हा ते मंद आहे असे ठरविण्याआधी कोणी त्याच्या बोलीत त्याची विचारपूस केली होती काय, हे पाहावे लागते.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. त्या कोसबाडलाच राहून काम करीत राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव लाभले. आज हा शब्द मराठीची सीमा ओलांडून देशभर गेला आहे.

नाव गेले, पण त्यासोबत सर्व काही गेले असे म्हणता येत नाही. अंगणवाडीत वजनाचा काटा आला, पोषण आहार आला, लसीकरण आले. हे सर्व अत्यावश्यक होते व आहे. मात्र मुलाच्या मनाची नोंद ठेवण्याचा रकाना अनेकदा कोराच राहतो. शासनाने १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हाती घेतला. २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाड्यांत व शाळांत करण्याची योजना आहे, आणि तिच्यात वाढीतील विलंबही पाहिला जातो. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. त्यावर मराठीतही बोलता येते आणि आईबापांनाही आपल्या मुलाविषयी विचारता येते. हा क्रमांक आपल्या धर्मग्रामाच्या फलकावर लावण्यास खर्च येत नाही.

भंडाऱ्याविषयी लिहिताना ९ जानेवारी २०२१ ची पहाट विसरता येत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत त्या दिवशी दहा बालके दगावली. चौकशी, मदत, बातम्या हे सर्व यथाकाल होते व संपते. पान्हा फुटलेला आणि पाळणा रिकामा, अशा स्थितीत गावी परतलेल्या आईजवळ पुढील कित्येक महिने कोणी जाऊन बसावे, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नसते. ताराबाईंच्या रीतीने पाहिले तर ते काम पाड्यावर पायी जाणाऱ्या बाईचे आहे. अंगणवाडी सेविका, आशाताई, शेजारीण, आपल्या धर्मभगिनी, यांपैकी जी कोणी त्या अंगणापर्यंत पोहोचेल तिचे.

ताराबाईंच्या पश्चात कोसबाडचा भार अनुताईंनी उचलला. बाईंच्या सावलीत राहिलेली ही शिक्षिका त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे ती टेकडी सांभाळून होती. कोसबाडच्या टेकडीवरून हे आपले आत्मकथन तिने लिहिले, तिला पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी तिने देह ठेवला. ताराबाईंची जन्मशताब्दी त्याच वर्षी होती.